शिरोळ तालुक्याचे तीन रंग

नकाशा वाचायला शिकवताना आपण मुलांना आधी शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची शोधायला सांगतो. शीर्षकाबद्दल बोलणे होते, दिशेबद्दल होते, प्रमाणावर तर गणितेही सोडवून घेतली जातात. सूचीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येते : हा रंग म्हणजे हे, तो रंग म्हणजे ते. कोपऱ्यातले ते चार-पाच चौकोन इतके साधे दिसतात, की त्यांच्या मागे कोणी काही निर्णय घेतले असतील अशी शंकाही येत नाही. मलाही ती फार उशिरा आली, आणि ती आणून दिली इचलकरंजीच्या एका शिक्षकांनी.

काही वर्षांपूर्वी इचलकरंजीत माध्यमिक शिक्षकांच्या एका शिबिरात मी संगणकावर क्षेत्रघनी नकाशे कसे तयार करतात हे दाखवत होते. उदाहरण घरचे असावे म्हणून कोल्हापूर जिल्हा घेतला होता. बारा तालुके, २०११च्या जनगणनेतील लोकसंख्या आणि फिकटपासून गडदपर्यंत चार छटा. (२०२१ साली व्हायची जनगणना झाली नाही, म्हणून आकडे २०११चेच. आणि क्षेत्रघनी नकाशात खरे तर लोकसंख्या दाखवू नये, घनता दाखवावी. नुसती संख्या रंगवली की मोठ्या क्षेत्रफळाचा तालुका उगीचच भाव खाऊन जातो. हे मला माहीत होते. भागाकार टाळण्यासाठी मी सोपी वाट धरली होती, आणि या लेखातही तीच धरणार आहे.) नकाशा पडद्यावर आला, माना डोलल्या. एवढ्यात मागच्या बाकावरचे एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, सूचीतला हा तिसरा रंग नकाशात कुठंच दिसेना की."

खरोखरच तो कुठेच नव्हता. सूचीत चार छटा होत्या, नकाशात तीनच. चूक आज्ञावलीत असेल असे समजून मी तिथल्या तिथे ती तपासली. आज्ञावली निर्दोष होती. तिसऱ्या छटेच्या गटात एकही तालुका बसत नव्हता, एवढेच.

हे असे का झाले ते समजून घेण्यासाठी आकडे समोर हवेत. लहानापासून मोठ्याकडे मांडले तर ते असे येतात : गगनबावडा ३५,७७२, आजरा १,२०,२६५, भुदरगड १,५०,३६८, शाहूवाडी १,८५,६६१, चंदगड १,८७,२२०, राधानगरी १,९९,७१३, गडहिंग्लज २,२५,७३४, पन्हाळा २,५९,४१७, कागल २,७५,३७२, शिरोळ ३,९१,०१५, हातकणंगले ८,०७,७५१ आणि करवीर १०,३७,७१३. बेरीज ३८,७६,००१. पहिले दहा आकडे दाटीवाटीने बसले आहेत आणि शेवटचे दोन खूप लांब जाऊन उभे आहेत, हे कोष्टकावरून नजर फिरवली तरी कळते. करवीरमध्ये कोल्हापूर शहर आहे आणि हातकणंगल्यात इचलकरंजी. जिल्ह्यातले शेकडा ४७ हून अधिक लोक या दोन तालुक्यांत राहतात.

माझ्या आज्ञावलीने सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेतला, मधल्या अंतराचे चार सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाला एक छटा दिली. ही समान अंतराची पद्धत. सीमा आल्या सुमारे २ लाख ८६ हजार, ५ लाख ३७ हजार आणि ७ लाख ८७ हजार. आता मोजा. पहिल्या गटात गगनबावड्यापासून कागलपर्यंत नऊ तालुके, दुसऱ्यात एकटा शिरोळ, तिसऱ्यात कोणीच नाही, चौथ्यात हातकणंगले आणि करवीर. म्हणजे ९, १, ०, २.

दुसरी पद्धत घेऊ. बारा तालुके, चार गट, प्रत्येकात तीन तालुके. अशा नकाशात चारही छटा सारख्या संख्येने येतात, त्यामुळे तो डोळ्यांना फार छान दिसतो. पण आता सर्वांत गडद गटात शिरोळ, हातकणंगले आणि करवीर एकत्र येतात. चार लाखांना थोडा कमी असलेला शिरोळ आणि साडेदहा लाखांच्या जवळ पोचलेला करवीर यांचा रंग एकच!

तिसरी पद्धत नैसर्गिक खंडांची. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ जॉर्ज जेंक्स यांनी १९६० च्या दशकात ती रूढ केली. आकडे अशा रीतीने गटांत टाकायचे, की प्रत्येक गटातले आकडे आपापल्या गटाच्या सरासरीच्या जास्तीत जास्त जवळ राहतील. मी हिशेब करून पाहिला. पहिल्या गटात सहा तालुके येतात; दुसऱ्यात गडहिंग्लज, पन्हाळा, कागल आणि शिरोळ; मग हातकणंगले एकटा आणि करवीर एकटा. म्हणजे ६, ४, १, १.

शिरोळ तालुक्यातला एकही माणूस कमी-जास्त झालेला नाही. तरी पहिल्या नकाशात शिरोळ एकटा उठून दिसतो, दुसऱ्यात कोल्हापूर शहराच्या पंक्तीला बसतो आणि तिसऱ्यात पन्हाळा-कागलसारखा एक मध्यम तालुका ठरतो. तिन्ही नकाशे खरे आहेत. तिन्हींच्या सूचीत चारच चौकोन आहेत, आणि त्या चौकोनांवरून वाचणाऱ्याला यातले काहीही कळत नाही. शिबिरातल्या गुरुजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते, की सूचीतल्या प्रत्येक चौकोनाशेजारी त्या गटात किती तालुके आहेत हे दाखवणारा एक छोटा आलेख मी द्यायला हवा होता. तो दिला असता तर तिसऱ्या छटेपुढची रिकामी जागा आपोआप दिसली असती.

असा आलेख पूर्वी कोणी देत असे का, या शोधात मी पडले आणि बरीच मागे गेले.

आकडे गोळा करणे आणि नकाशे काढणे हे दोन उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारी शेजारी चालत होते, पण त्यांची गाठ पडलेली नव्हती. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांचे घेता येईल. पक्षिनिरीक्षकांना सायक्सचा चंडोल माहीत असतो. ते हेच सायक्स. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ साली त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तांतकार नेमले. पुढची काही वर्षे ते दख्खनभर फिरले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतली माणसे, पिके, जनावरे, पाऊस, भाव, सगळे त्यांनी टिपले. त्यांचा दख्खनच्या सांख्यिकीवरचा अहवाल १८३७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापला गेला. तो आकड्यांच्या कोष्टकांनी भरलेला आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६ चा. त्यातही आकडे कोष्टकांतच आहेत. ज्याला कोष्टक वाचता येते त्याच्यापासून काही लपत नाही. पण कोष्टकावरून कुठला भाग कुठल्या भागाला लागून आहे ते दिसत नाही.

आकडे छटांच्या रूपाने नकाशावर चढवण्याचे पहिले मोठे काम फ्रान्समध्ये १८२६ साली झाले, आणि शिक्षकांना ऐकून बरे वाटेल की तो नकाशा शिक्षणाचा होता. शार्ल द्युपँ या अभियंत्याने प्रत्येक प्रांतविभागात किती लोकसंख्येमागे एक मुलगा शाळेत जातो हे काढले आणि त्यानुसार फ्रान्सचा नकाशा फिकट-गडद केला. (मुलगाच, मुली त्या हिशेबात नव्हत्या.) शाळेत जाणारे कमी, तितका विभाग काळा. उत्तर आणि ईशान्येकडचा फ्रान्स उजळ दिसला, दक्षिण आणि पश्चिमेकडचा काळवंडलेला. त्यावर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला आणि 'उजळ फ्रान्स' आणि 'अंधारा फ्रान्स' असे शब्द पुढे कितीतरी वर्षे वापरले गेले. कोष्टकाने असा वाद पेटला नसता. छटेचे सामर्थ्य लोकांच्या पहिल्यांदा लक्षात आले ते या नकाशामुळे, आणि त्यातला धोकाही तिथेच सुरू झाला असे मला वाटते. काळा विभाग किती काळा हे सांगण्यापेक्षा तो काळा आहे हे सांगणे सोपे असते.

सात वर्षांनी, १८३३ साली, आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने गुन्हे, शिक्षण, दानधर्म यांचे फ्रान्सचे नकाशे प्रसिद्ध केले. त्याने एक शहाणपणा केला. प्रत्येक विभागावर त्याचा क्रमांक घातला आणि क्रमवार यादी आकड्यांसह सोबत दिली. छटा पाहून शंका आली तर वाचणाऱ्याने यादीत जावे आणि आकडा पाहावा. सूचीतल्या आलेखाचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

त्याच देशातल्या शार्ल जोझेफ मिनार या रस्ते-पुलांच्या अभियंत्याने नकाशावर आलेख बसवण्याची कला फार पुढे नेली. पॅरिसला कोणत्या विभागातून किती मांस पुरवले जाते हे दाखवणारा त्याचा नकाशा १८५८ चा आहे. त्यात प्रत्येक विभागावर एक वर्तुळ आहे, मांसाच्या प्रमाणात लहान-मोठे, आणि गाय-बैल, वासरे आणि मेंढ्या यांच्या हिश्श्यांनुसार विभागलेले. आपण विभाजित वर्तुळ म्हणतो ते हेच, फक्त नकाशावर जाऊन बसलेले. पण इचलकरंजीसारख्या सुतावर जगणाऱ्या गावाने मिनारचा आणखी एक नकाशा पाहावा असा आहे. १८६६ साली त्याने युरोपात येणाऱ्या कच्च्या कापसाचे नकाशे शेजारी शेजारी छापले, १८५८, १८६४ आणि १८६५ या तीन वर्षांचे. प्रत्येक देशातून निघालेला कापूस समुद्रावरून एका पट्ट्याच्या रूपाने युरोपात येतो; जितका कापूस जास्त तितका पट्टा जाड. एक मिलिमीटर जाडी म्हणजे किती टन, हे सोबत लिहिलेले. १८५८ च्या नकाशात अमेरिकेचा पट्टा बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडची बंदरे कोंडली, आणि १८६४ च्या नकाशात तो पट्टा दोऱ्यासारखा बारीक झाला. त्याच नकाशात हिंदुस्थानातून निघालेला पट्टा फुगून आफ्रिकेला वळसा घालत युरोपात शिरतो. मुंबईत याच काळात कापसाने पैशाचा पूर आणला आणि १८६५ साली युद्ध संपताच बँका आणि कंपन्या कोसळल्या, ही गोष्ट आपण इतिहासात शिकवतो. तो पूर आणि ती ओहोटी मिनारच्या तीन पट्ट्यांत फूटपट्टीने मोजता येते. मोजता येते, हे महत्त्वाचे. मिनार वाचणाऱ्याच्या हातात माप देत असे.

मग सूचीतून माप गेले कुठे? याचे उत्तर छापखान्यात आहे. तांब्याच्या किंवा दगडाच्या पाटीवर छटा उमटवायच्या त्या बारीक रेघांनी. विरळ रेघा म्हणजे फिकट, दाट रेघा म्हणजे गडद. (यंत्रमागावरच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, रीड आणि पिके वाढवली की कापड दाट होते, तसलाच हा प्रकार.) शंभर विभागांसाठी शंभर प्रकारच्या रेघा कोरणे परवडणारे नव्हते, आणि कोरल्या तरी डोळ्यांना पाच-सहाहून जास्त छटा वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यामुळे आकड्यांचे गट पाडणे आले. गट पडले की प्रत्येक आकडा आपल्या चौकोनात शिरून दिसेनासा होतो. आकड्यांची वाटणी कशी आहे हे दाखवणारा आयतालेख तेव्हा नव्हता असेही नाही. इंग्रजीतले त्याचे आजचे नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात दिले. पण आयतालेख सांख्यिकीच्या पुस्तकात राहिला आणि नकाशा भूगोलाच्या. शाळेच्या वेळापत्रकात ते आजही वेगळ्या तासांना येतात.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर नकाशांचे काम जोमाने सुरू झाले. शिवप्रसाद चटर्जी यांच्या नेतृत्वाखाली १९५६ साली कोलकात्यात राष्ट्रीय अ‍ॅटलास संघटना स्थापन झाली आणि १९५७ साली भारताचा पहिला राष्ट्रीय अ‍ॅटलास निघाला, तोही हिंदीत. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी जनगणना आयुक्त अशोक मित्र यांनी राज्याराज्यांचे जनगणना अ‍ॅटलास काढवले. हे सर्व हाताने, आरेखकांच्या लेखण्यांनी झालेले काम. सूचीत आणखी एक आलेख घालायचा म्हणजे आरेखकाचा आणखी वेळ, आणि गटांच्या सीमा बदलल्या तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. अशा स्थितीत सूची आखूड राहिली याचा दोष कोणाला देणार?

नेमक्या त्याच वर्षांत, आणि अगदी अनपेक्षित जागी, सूचीत आलेख आला. अमेरिकेतील हॉवर्ड फिशर हे व्यवसायाने वास्तुरचनाकार. १९६३ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी संगणकावर काढलेले ओबडधोबड नकाशे पाहिले आणि याहून चांगले करता येईल असे त्यांच्या मनाने घेतले. बेटी बेन्सन या आज्ञावलीकार महिलेच्या मदतीने त्यांनी 'सिमॅप' नावाची आज्ञावली तयार केली. १९६५ साली फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर हार्वर्ड विद्यापीठात त्यांची संगणक-आलेखन प्रयोगशाळा उभी राहिली आणि सिमॅप तिथून जगभर गेली. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. माहिती द्यायची ती भोके पाडलेल्या कार्डांवर. भोकांच्या कार्डांनी मागावर नक्षी विणणारा जकार्ड इचलकरंजीत कोणाला नवा नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी कार्डांवरची भोके यंत्राने मोजून माणसे मोजली, आणि सिमॅपची कार्डे त्याच घराण्यातली. उत्तर बाहेर पडायचे ते लाइन प्रिंटरवर. लाइन प्रिंटरला चित्र काढता येत नाही, फक्त अक्षरे छापता येतात. मग छटा कशा आणायच्या? फिकट जागी नुसते टिंब छापायचे, त्याहून गडद जागी अधिक चिन्ह, आणि सर्वांत गडद जागी तीच ओळ पुन्हा पुन्हा छापून ओ, एक्स, ए, व्ही यांसारखी अक्षरे एकमेकांवर चढवायची, म्हणजे काळा डाग तयार होतो. दुरून पाहिले की नकाशा, जवळून पाहिले की अक्षरांचा गोंधळ.

या नकाशाच्या खाली सिमॅप आपण होऊन एक कोष्टक छापत असे. प्रत्येक गटाची खालची आणि वरची सीमा, एकूण पल्ल्यातला त्या गटाचा शेकडा हिस्सा, आणि शेवटी त्या गटात किती आकडे पडले हे त्याच गटाच्या छटेची चिन्हे एकाखाली एक मांडून. ज्या गटात नऊ आकडे, त्याचा रकाना नऊ ओळी खाली जाणार; ज्यात एकही नाही, त्याचा रकाना रिकामा. हा आयतालेखच झाला. सूचीच्या जागी बसलेला, नकाशाच्याच छटांत छापलेला आणि आज्ञावलीने न सांगता काढलेला. माझा कोल्हापूरचा नकाशा सिमॅपवर काढला असता तर गुरुजींना प्रश्न विचारावाच लागला नसता.

आता यातली खंत वाटण्याजोगी गोष्ट. फिशर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या जॅक डेंजरमंड यांनी १९६९ साली स्वतःची संस्था काढली, भौगोलिक माहिती प्रणाली हा एक मोठा व्यवसाय बनला, रंगीत पडदे आले, रंगीत छपाई आली. नकाशे देखणे झाले आणि सूची पुन्हा चौकोनांवर आली. आयतालेख अगदीच नाहीसा झाला असे नाही. या प्रणालींमध्ये गट पाडण्याची खिडकी उघडली की त्यात तो दिसतो. नकाशा करणारा त्याच्याकडे पाहून सीमा इकडेतिकडे सरकवतो, मग खिडकी बंद करतो आणि नकाशा छापून देतो. वाचणाऱ्यापर्यंत पोचतात ते फक्त चौकोन. वॉल्डो टोब्लर यांनी १९७३ साली असेही सुचवले होते, की यंत्राला कितीही छटा काढता येतात तर गट पाडायचेच कशाला? सूचना चांगली होती. डोळ्यांना मात्र त्या छटा उलट वाचून आकडा काढता येत नाही.

या सगळ्याला एवढे महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारील. सीमा कुठे ओढली यावर कधीकधी फार काही अवलंबून असते. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली समिती नेमली गेली आणि तिने १९८४ साली अहवाल दिला. सिंचन, रस्ते, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट म्हणजे त्याचा अनुशेष, अशी समितीची रीत होती. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी आणि मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. पुढची कित्येक वर्षे राज्याच्या राजकारणात हे आकडे गाजत राहिले. इथे सरासरी हीच सीमा होती. समितीने ती उघडपणे सांगितली होती आणि प्रत्येक जिल्ह्याचे आकडे दिले होते, त्यामुळे कोणालाही वाद घालता आला. पण हाच प्रश्न नुसत्या दोनरंगी नकाशाच्या रूपाने आला असता तर? आपले बारा तालुके घ्या. त्यांची सरासरी येते ३ लाख २३ हजार. त्याखाली नऊ तालुके, वर तीन. दोन मोठ्या शहरांनी सरासरी वर ओढून नेली आहे. मध्यक काढला तर तो २ लाख १२ हजार ७०० च्या आसपास येतो, आणि त्याच्या खाली सहा, वर सहा. सरासरी घेतली की गडहिंग्लज, पन्हाळा आणि कागल खालच्या रंगात. मध्यक घेतला की तेच तिन्ही वरच्या रंगात.

सूचीत आलेख घालणे आज फार सोपे झाले आहे. न्यूझीलंडमध्ये १९९३ च्या सुमारास रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तयार केलेली 'आर' ही भाषा, २००३ पासून मिळणारे पायथनचे मॅटप्लॉटलिब, २००२ साली सुरू झालेले क्यूजीआयएस ही सगळी साधने फुकट आहेत. यांपैकी कोणतेही वापरले तरी युक्ती एकच. गटांच्या सीमांची यादी आज्ञावलीत एकदाच लिहायची आणि रंगांची यादीही एकदाच. त्यानंतर तालुके रंगवताना, सूचीचे चौकोन काढताना आणि आलेखाचे स्तंभ काढताना, तिन्ही वेळा त्याच दोन याद्या वापरायच्या. मग सीमा बदलली की नकाशा, चौकोन आणि स्तंभ एकदम बदलतात. सीमा तीन ठिकाणी वेगवेगळ्या लिहिल्या की एक बदलायची राहून जाते, आणि मग आलेख एक सांगतो, नकाशा दुसरेच. मी हे करून बसलेले आहे. आलेखाची चौकट नकाशाच्या चौकटीच्या आतच, एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवावी. उभ्या अक्षावर तालुक्यांची संख्या, आडव्या अक्षावर लोकसंख्या, आणि स्तंभ त्या त्या गटाच्या रंगाचे.

एक चूक मात्र हमखास होते. गट असमान रुंदीचे असतील, म्हणजे सारख्या संख्येचे किंवा नैसर्गिक खंडांचे, तर आडव्या अक्षावर ते सारख्या रुंदीचे दाखवू नयेत. आयतालेखात क्षेत्रफळ बोलते, उंची नव्हे, हे आपण वर्गात शिकवतो आणि नकाशा काढताना विसरतो. त्यापेक्षा अक्षावर सारख्या रुंदीचे बारीक स्तंभ काढावेत, ते गटाप्रमाणे रंगवावेत आणि सीमांच्या जागी उभ्या रेघा द्याव्यात. राज्यातले साडेतीनशेहून अधिक तालुके असतील तेव्हा हे उत्तम. एका जिल्ह्याच्या बारा आकड्यांना आयतालेख काढणे म्हणजे मुंगीला मेण्यात बसवणे. तिथे आडव्या रेषेवर बारा टिंबे पुरतात.

आणि संगणक नसेल तर? त्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ते सुतावर केले. इचलकरंजीत सूत मागावे लागत नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून ते गावात आहेच. सव्वा मीटर लांबीचा दोरा ताणून फळ्यावर चिकटवला, एक सेंटिमीटर म्हणजे दहा हजार माणसे असे माप धरले आणि प्रत्येक तालुक्याच्या जागी रंगीत धाग्याची गाठ मारली. गगनबावडा साडेतीन सेंटिमीटरवर, आजरा बारावर. मग एकापाठोपाठ एक गाठी, कागल साडेसत्ताविसावर, शिरोळ एकोणचाळिसावर. त्यानंतर मोकळा दोरा. एकेचाळीस-बेचाळीस सेंटिमीटर काहीच नाही. ऐंशीच्या पुढे हातकणंगले आणि एकशे चारच्या जवळ करवीर. तिसरी छटा कुठे हरवली होती ते मोकळ्या दोऱ्यावर सगळ्यांना दिसले.

गुरुजी पुन्हा उठले. हातकणंगल्याची गाठ बोटात धरून म्हणाले, "आणि ह्यात इचलकरंजी किती?" २०११ साली इचलकरंजीची लोकसंख्या होती सुमारे २ लाख ८७ हजार, म्हणजे तालुक्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. नकाशात मात्र हातकणंगले तालुक्यातल्या खेड्याखेड्यांवर तोच गडद रंग पसरलेला होता. आम्ही ती गाठ सोडली आणि तिच्या दोन केल्या. शहर गेल्यावर उरलेल्या हातकणंगल्याची गाठ सरकून बावन्नावर आली. इचलकरंजीची स्वतंत्र गाठ एकोणतीसच्या जरा अलीकडे, कागलच्या थोडी पुढे बसली. समान अंतराच्या पद्धतीतली पहिली सीमा होती २ लाख ८६ हजार. इचलकरंजी ती जेमतेम हजारभर माणसांनी ओलांडते. म्हणून इचलकरंजी, उरलेले हातकणंगले आणि शिरोळ, तिघेही एकाच छटेत आले आणि सर्वांत गडद रंगात करवीर एकटा राहिला. तिसरा गट अजूनही रिकामाच होता. २०२२ साली इचलकरंजीची महानगरपालिका झाली. पुढच्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा ती गाठ कुठे मारायची, यावर शिबिर संपेपर्यंत दोन तट पडले होते, आणि दोरा कोणी काढू देईना.